रिकाम्या ओळींवरची तिरकी रेघ

१

रविवारी सकाळी आठ वाजता वर्लिन टॅकेटने लोखंडी कपाट उघडलं, सात नंबरचं खोकं उचललं आणि जागच्या जागी थबकली. आत काहीतरी सरकलं होतं. त्या खोक्यात कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही असायची, अगदी चपखल बसलेली. गेल्या आठवड्यात ती एकदाही सरकली नव्हती.

तिने झाकण काढलं. आत छपाईच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता.

वर्लिन खुर्चीत बसली, लगेच उठली, कपाटातली सगळी खोकी जमिनीवर मांडली, एकेक उघडून पाहिलं, परत कपाटात भरली, आणि मग कुठे तिने ग्रेडी सॅटलरला फोन लावला.

सॅटलर डॅलसचा वकील. मार्शल गावात खटला लढवायला येणाऱ्या सगळ्यांसारखं त्यानेही चौकातलं एक बंद पडलेलं दुकान भाड्याने घेतलं होतं. पूर्वी तिथे बूट मिळायचे. आता त्या चौकात दर दुसऱ्या दारावर कुठल्या तरी पेटंट कंपनीची पाटी असते. नुसती पाटीच, आत चिटपाखरू नसतं. संगणकावरून भांडणाऱ्या जगातल्या समस्त मंडळींना टेक्सासचं हेच टोक का आवडतं, हे विचारायचं गावकऱ्यांनी केव्हाच सोडून दिलंय. येतात, भाजलेलं मांस खातात, भांडतात, जातात.

सॅटलर आला तो कानाला दाढीचा साबण तसाच घेऊन.

"चावी कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"आणखी कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही."

तो मटकन खाली बसला. "वर्लिनबाई, उद्या साडेआठला ती वही समोरच्यांच्या तपासनिसाच्या हातात द्यायचीय. जज्जसाहेबांचा हुकूम आहे. नाही दिली तर ज्यूरीला सांगतील, यांनीच गडप केली म्हणून. आणि मला सांगावं लागेल, चावी कोणाकडे होती ते."

"सांगा की. खोटं थोडंच आहे?"

एकतीस वर्षं ती कोर्टाच्या दप्तरात होती. त्या एकतीस वर्षांत एक चिठोरंसुद्धा हरवलं नव्हतं. निवृत्तीनंतर परगावचे वकील डोळे झाकून तिच्या हातात चावी देत, ते त्याच पुण्याईवर. नवरा गेला होता, लेक दूर होती. नाव तेवढं उरलं होतं.

"पोलिसांना आत्ता बोलवाल तर चर्च सुटायच्या आत गावभर होईल," ती म्हणाली. "मला आजचा दिवस द्या."

२

खटला समजायला सोपा होता. मिनेसोटाच्या ऑरिन लिंडक्विस्टने १९९४ साली, तिथल्या एका आता बंद पडलेल्या कंपनीत असताना, संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एक युक्ती काढली. काम चालू असताना वीज गेली, की संगणक फाइल अर्धवट सोडून मरतो आणि सगळं मुसळ केरात. ऑरिनची युक्ती अशी, की काहीही करण्याआधी संगणकाने 'मी आता हे करणार' अशी छोटी नोंद करायची आणि मगच करायचं. वीज परत आली की नोंद बघून पुढे चालू. हे सगळं संगणक रखडू न देता कसं करायचं, ती खरी मेख. ती ऑरिनच्या त्या वहीच्या एक्केचाळिसाव्या पानावरच्या आकृतीत होती.

"आधी नोंद, मग काम?" वर्लिनने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "हे तर मी एकतीस वर्षं करतेय. माझं पेटंट कुठाय?" ऑरिन पोट धरधरून हसला होता.

कॅलिफोर्नियाच्या एका बड्या कंपनीने ती युक्ती आपल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वापरली, असा ऑरिनचा दावा, आणि सॅटलर त्याचा वकील. कंपनीचं म्हणणं, आम्हाला ती त्याच्याआधी सुचली होती. आणि कायदा असा, की ज्याला आधी सुचलं, त्याचं. ते ठरवणारी एकच गोष्ट म्हणजे त्या पानावरची जानेवारीतली तारीख.

वर्लिनने शनिवारचा हजेरीचा कागद समोर ओढला. नाव, आत, बाहेर, आणि शेवटचा रकाना 'कोण म्हणून'. दोरीने बांधलेल्या काळ्या पेनाने चौघांनी सह्या केल्या होत्या. दहाला सॅटलर, वकील. एकला प्रोफेसर एमेट व्हॉस, तज्ज्ञ. तीन दहाला मार्जोरी हाउगेन, साक्षीदार. चार चाळीसला ऑरिन लिंडक्विस्ट, शोध लावणारा. तो सव्वापाचला बाहेर पडला होता. प्रत्येक जण साक्षीची तयारी म्हणून आत एकटा बसून झेरॉक्स वाचत होता, मूळ वहीला सहसा कोणी हात लावत नसे. कपाट दिवसभर उघडं, आणि वर्लिन बाहेरच्या टेबलाशी. सहाला तिने कुलूप लावलं. खोकं उचलून बघितलं नाही. तेवढंच राहिलं.

ती उठून खोलीत फेऱ्या मारू लागली. बाहेर चौकात उन्हाने डांबर पातळ झालं होतं, आणि आत तो जुना एअर कंडिशनर असा सुटला होता की माणसं स्वेटर घालून बसत आणि जाताना तिथेच विसरत. शनिवारी साडेपाचला खुर्च्यांवर तीन स्वेटर होते, तिने स्वतः घड्या घातल्या होत्या. आता दोन होते, सॅटलरचा आणि प्रोफेसरचा.

फिरता फिरता तिची नजर पुन्हा त्या कागदावर गेली, आणि या वेळी जे दिसलं ते पाहून ती थांबलीच. ऑरिनच्या नावाखाली पाच ओळी रिकाम्या होत्या. त्या पाचही ओळींवरून, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, कोणीतरी त्याच काळ्या पेनाने एक सरळ तिरकी रेघ ओढली होती.

वर्लिनने ती रेघ मारलेली नव्हती.

३

प्रोफेसर व्हॉस चौकापलीकडच्या खाणावळीत पांढऱ्या रश्श्यात बुडवून तिकडची पावासारखी बिस्किटं खात होता. चर्च सुटल्यामुळे तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

"गेली?" तो म्हणाला. चमचा मात्र थांबला नाही. "आणि तुम्ही माझ्याकडे आलात! वर्लिनबाई, मला ताशी पैसे मिळतात. खटला लांबला तर माझा फायदा, बुडाला तर तोटा. मी कशाला चोरू?"

"सगळ्यांनाच विचारतेय. एक सांगा, वहीच्या झेरॉक्स दोन्ही बाजूंकडे आहेत. मग मूळ वही चोरून कोणाला काय मिळालं?"

आता चमचा थांबला. "हा प्रश्न त्या सॅटलरला सुचला नाही बघा. अहो, झेरॉक्समध्ये दिसत नाही असं काहीतरी मूळ वहीत असणार. शाई किती जुनी, कागद कधीचा. समोरच्यांना संशय आहे, ऑरिनने तारीख मागाहून टाकली असावी. म्हणून तर उद्या तपासनीस येतोय."

वर्लिनने हजेरीचा कागद पुढे केला. "आणि ही रेघ?"

"अरेच्चा!" प्रोफेसरने चष्मा कपाळावर चढवला. "ही जुन्या कंपन्यांतली रीत. शोधाच्या वहीत पानावर मोकळी जागा म्हणून सोडायची नाही. मागून कोणी काही घुसडलं तर? म्हणून रेघ मारून जागा मारून टाकायची. वहीत पानोपानी आहे बघा. मी नाही हो मारली. मी विद्यापीठातला माणूस, आयुष्यात असली वही ठेवली नाही. माझी स्वतःची सहीसुद्धा मला वाचता येत नाही."

म्हणजे रेघ मारणारा त्या जुन्या कंपनीतला. असे दोघेच होते, ऑरिन आणि मार्जोरी. आणि हजेरीत शेवटचं नाव ऑरिनचं.

मार्जोरी हाउगेन कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. पासष्टीची, ताठ कण्याची बाई. १९९४ मध्ये ती ऑरिनच्या शेजारच्या टेबलावर काम करायची, आणि वहीच्या प्रत्येक पानाखाली 'वाचले आणि समजले' असं लिहून तिची सही होती. उद्या शपथेवर तेवढंच सांगायला ती आली होती. आत्ता ती वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होती, तेही हिरव्या शाईच्या पेनाने.

"पेन्सिल नाही?" वर्लिन समोर बसली.

"खोडावं लागलं तर पेन्सिल," मार्जोरी म्हणाली. "मला सहसा लागत नाही."

वही गेल्याचं ऐकून तिने नुसतं बाहेर बघितलं. मग विचारलं, "तुमच्यावर येईल का हो हे?"

"येईल काय, आलंच आहे."

मार्जोरीने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "ऑरिन साधा माणूस आहे," ती म्हणाली. "त्याला जपून विचारा."

४

ऑरिन मोटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी बुटामोज्यांसकट बसला होता. सत्तरीचा, हाडकुळा. वर्लिनने आडपडदा ठेवला नाही. कागद त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"शेवटचे आत गेलात ते तुम्ही. ही रेघ तुमच्या कंपनीची रीत. तारखेची भानगड असेल तर आत्ताच सांगा, ऑरिन. उद्या माझी मान अडकणारेय."

"तारीख खरी आहे!" तो उसळला. "देवाशपथ खरी आहे. दुपारचं जेवण होतं, बाहेर गुडघाभर बर्फ होतं..." बोलता बोलता त्याचं लक्ष रेघेवर गेलं. तो त्या रेघेकडे बघतच राहिला. घरातल्या माणसाचं अक्षर ओळखावं तसं त्याने ती ओळखली, हे वर्लिनने पाहिलं. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"हो. मीच घेतली."

"वही कुठाय?"

"टाकली. तळ्यात."

"कुठल्या तळ्यात?"

"ते हे, जवळचं."

"जवळचं तळं पंधरा मैलांवर आहे. तुमच्याकडे गाडी नाही. वकीलसाहेब नेतील तिथे जाता तुम्ही."

ऑरिनने बुटांकडे बघितलं. खोटं बोलण्यात म्हातारा अगदीच कच्चा होता. "मी घेतली म्हणतोय ना," तो पुटपुटला. "लिहून घ्या आणि सुटा, बाई."

सुटणं सोपं होतं. कबुली होती, नाव होतं, फक्त लिहायचं होतं. वर्लिनने पेन काढलंही, आणि तसंच परत ठेवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासाठी तिने एकतीस वर्षं दप्तर सांभाळलं नव्हतं.

५

दुकानात परतून तिने वहीच्या झेरॉक्सचा गठ्ठा उघडला. सॅटलर मागे उभा राहून नखं खात होता.

"ऑरिनने कबूल केलं ना? मग झालं. वही शोधा."

"गप्प बसा जरा, वकीलसाहेब."

ती पानं उलटत गेली. ऑरिनचं बारीक अक्षर, खाली उरलेल्या जागेवर तिरकी रेघ, रेघेच्या टोकाशी मार्जोरीची सही. रेघ, सही. रेघ, सही. एक्केचाळिसावं पान, आकृती, रेघ, सही. असं शेवटपर्यंत, पण अगदी शेवटची तीन पानं वेगळी होती.

त्या तीन पानांवर मार्जोरीची सही नव्हती. तारखा जूनमधल्या होत्या, आणि मार्जोरीचं तिथलं काम मे महिन्यात संपलं होतं. तिन्ही पानं अर्धी रिकामी होती, आणि एकावरही रेघ नव्हती.

वर्लिन उभीच राहिली. रेघ लिहिणाऱ्याची नव्हतीच. ती साक्ष देणाऱ्याची होती. मी इथवर वाचलं, याखाली कोणी काही घुसडू नये, म्हणून सही करणारी जागा मारून टाकायची. ऑरिनच्या हाताला ती सवय कधी लागलीच नाही.

"पण मार्जोरी तर तीनला येऊन गेली," सॅटलर म्हणाला. "तिच्यानंतर ऑरिनने सही केलीय. त्याच्या नावाखाली ती रेघ कशी मारेल? कागद बघा ना."

वर्लिनने कागद बघितला नाही. खुर्च्यांकडे बघितलं. दोन स्वेटर.

तिसरा, तपकिरी, मार्जोरीचा. शनिवारी पावणेसहाला ती तो न्यायला आली होती. वर्लिन कॉफीचं भांडं धुवत होती. तिने मान वळवून म्हटलं होतं, 'जा ना आत, सहीबिही राहू दे, स्वेटर तर घ्यायचाय.' कागदावर नाही म्हणून सकाळपासून तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतकी वर्षं तिने माणसांपेक्षा कागदावर विश्वास ठेवला होता, आणि त्या कागदाला भोक पाडलं होतं ते तिनेच.

सॅटलरला हे सांगताना तिचे कान लाल झाले.

"बरं, पण का?" तो म्हणाला. "मार्जोरीचं काय अडलंय त्या वहीवाचून?"

"झेरॉक्समध्ये काय दिसत नाही, सांगा बघू?"

"शाईचं वय."

"त्याहून साधं." वर्लिनने एक्केचाळिसावं पान उजेडात धरलं. अक्षर काळं, आकृती काळी, सही काळी. "झेरॉक्समध्ये रंग दिसत नाही."

६

मोटेलच्या बारा नंबरच्या खोलीचं दार उघडंच होतं. मार्जोरीची बॅग भरलेली होती आणि ती पलंगाच्या कडेवर बसली होती. वर्लिनच्या हातात हजेरीचा कागद लावलेली पाटी बघून तिला हसू आलं.

"इथेही पाटी?"

"आकृती हिरव्या शाईत आहे ना गं?" वर्लिनने विचारलं. अहोजाहो कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही.

मार्जोरीने बॅग उघडली. तपकिरी स्वेटर बाजूला केला, वही काढली आणि एक्केचाळिसावं पान उघडून पलंगावर ठेवलं. भोवती निळ्या अक्षरांत ऑरिनच्या अडचणी होत्या. मधोमध हिरवी आकृती, एका दमात काढलेली, कुठेही खाडाखोड नाही.

"आठवडाभर तो डोकं आपटत होता," ती म्हणाली. "जेवताना मी म्हटलं, आण ती वही इकडे. वीस मिनिटं लागली असतील."

"मग सही साक्षीदार म्हणून का?"

"मी कंपनीची नव्हते. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून आलेली, वर्षभराच्या करारावर. कंपनीचा वकील म्हणाला, हिचं नाव घातलं तर एजन्सी वाटा मागेल. आणि सही करायला कोणीतरी हवंच आहे, तर हिचीच घ्या. ऑरिन म्हणाला, आत्ता कर, पुढे बघू." तिने बोट त्या रेघेवरून फिरवलं. "ते पुढे कधी आलंच नाही. माझ्याच आकृतीखाली मी लिहिलं, वाचले आणि समजले."

एअर कंडिशनर घरघरत होता. मार्जोरी उठली, खिडकीपाशी गेली, परत आली.

"उद्या तो तपासनीस विचारणार, हिरवी शाई कोणाची. ऑरिनने आधीच्या जबानीत शपथेवर सांगितलंय, मी एकट्याने केलं. मीही शपथेवर सांगितलंय, मी फक्त वाचलं. दोघंही खोटे ठरू. म्हणून घेतली. जाळणार होते." तिने वहीवर हात ठेवला. "नाही जाळवली गं. माझ्या हातची तेवढी एकच गोष्ट शिल्लक आहे जगात."

"आणि जाता जाता रेघ मारलीस."

"रेघ?" मार्जोरीने कागद बघितला आणि कपाळावर हात मारला. "मला आठवतसुद्धा नाही. मोकळी जागा दिसली की हात राहत नाही माझा." मग ती घाईने म्हणाली, "वर्लिन, घेऊन जा ही. खोक्यात ठेव. चुकीच्या खोक्यात गेली होती म्हण. तुझं नाव वाचेल. उद्या विचारलं तर मी सांगेन, पेन त्याने माझ्याकडून मागून घेतलं होतं. कोण बघायला येतंय?"

वर्लिनला क्षणभर फार मोह झाला. वही हाताच्या अंतरावर होती. आणि मग तिला या बाईचा इतका राग आला आणि इतकी दया आली, की तिला तिथे उभं राहवेना. ती पलंगावर बसली आणि पाटीवर नवा कागद लावला.

"आधी नोंद, मग काम," ती म्हणाली. "तुझीच युक्ती ना?"

पहिल्या ओळीवर तिने स्वतःच लिहिलं. शनिवार, पावणेसहा. मार्जोरी हाउगेन आत गेली. सही घेतली नाही. चूक माझी. वर्लिन टॅकेट.

"अगं, वेडी आहेस का?" मार्जोरी म्हणाली. "एकतीस वर्षांचं नाव तुझं!"

"माझंच आहे, म्हणून तर त्याच्यावर खोटं चढू देणार नाही. आता तू. वही परत करतेयस, त्याची नोंद कर."

मार्जोरीने हिरवं पेन काढलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली. 'कोण म्हणून' या रकान्याशी पेन थांबलं. बाहेर कोणाच्या तरी गाडीचं दार आपटलं, पोरं ओरडत तलावाकडे पळाली, आणि ती तशीच बसून राहिली. शेवटी तिने लिहिलं, शोध लावणारी.

मग तिचा हात सवयीने खाली रिकाम्या ओळींकडे गेला. पेन टेकलंही. मार्जोरीने पेन उचललं, टोपण लावलं आणि ओळी मोकळ्या सोडल्या.

७

सोमवारी सकाळी आठला दुकानात चौघं होती. सॅटलर रात्रभर कायद्याची पुस्तकं चाळत बसला होता, ते त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. "पेटंटवर नाव वाढवता येतं," तो स्वतःशीच बोलत होता. "पण शपथेचं काय? दोघांच्या शपथेचं काय करू मी?"

ऑरिन दारातच अडखळला. टेबलावर वही उघडी होती, शेजारी हजेरीचा कागद, आणि पलीकडे मार्जोरी. वर्लिनने कागद त्याच्याकडे सरकवला.

"आत यायचं तर सही लागते," ती म्हणाली. "आता कोणालाही सूट नाही."

ऑरिनने हिरवी ओळ वाचली, दोनदा वाचली. दोरीने बांधलेलं काळं पेन त्याने उचललं आणि खालच्या मोकळ्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं. 'कोण म्हणून' पाशी तो थांबला नाही. तिथे त्याने लिहिलं, साक्षीदार. आणि रकान्याबाहेर, जिथे जागा मिळाली तिथे, लिहिलं, वाचले आणि समजले.

"सतरा वर्षं लागली रे तुला समजायला," मार्जोरी म्हणाली.

"समजलं होतं तेव्हाच," ऑरिन म्हणाला. "लिहायचं राहिलं."

सॅटलरने दोन्ही हातांत डोकं धरलं. वर्लिनने वही खोक्यात ठेवली. ती चपखल बसली, सरकली नाही. मग तिने आपली चूक लिहिलेला तो कागद खोक्यावर ठेवला, खोकं काखोटीला मारलं आणि उन्हातून कोर्टाकडे चालू लागली.